खोली, खोली, गच्ची, खोली

कल्पना कर, की तू लिफ्टमध्ये आहेस. रोजचीच लिफ्ट. आरशाचा एक कोपरा तडकलेला, खाली रबराची चटई, वर कुरकुरणारा छोटा पंखा. दार बंद झालंय, बटणांसमोर तुझं बोट पुढे झालंय आणि तिथेच थांबलंय. घर कितव्या मजल्यावर आहे ते तुला माहीत आहे. म्हणजे काल होतं, मघाशी खाली उतरतानाही होतं. आत्ता त्या जागी काहीच नाही, कुणी फळा पुसून ठेवावा तसं. बटणं मात्र सगळी आपापल्या जागी आहेत, ओळीने उभी, तोंडाकडे बघत. घाबरू नकोस. हे तुला झालेलं नाही, एका आजोबांना झालं, आणि तेही एक मोठा श्वास घेऊन सोडावा इतकाच वेळ. पण तेवढा वेळ तू त्यांच्या जागी उभं राहून बघ, म्हणजे पुढचं नीट कळेल.

त्यांच्या शेजारी त्यांची नात होती, तिसरीतली. तिला घरात सगळे टिकटिक म्हणायचे, कारण ताट, टेबल, खिडकीचा गज, जे समोर येईल त्यावर तिची बोटं ठेका धरायची. तिच्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या, म्हणून तिने कोपराने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं आणि म्हणाली, "आजोबा, झोपलात का उभ्याउभ्या?" ते हसले. पुढे झालेलं बोट त्यांनी खिशात घातलं, एखादी वस्तू लपवावी तसं. लिफ्ट वर निघाली आणि चार हा आकडा परत आला, काही झालंच नाही अशा थाटात. त्यांनी मनातल्या मनात तिचे आभार मानले. नंतर दूध तापवताना, दाढी करताना, बासच्या तारा फडक्याने पुसताना त्यांच्या पोटात एक बारीक खड्डा पडलेला होता, आणि तो बुजत नव्हता. कारण दुपारी कॉलेजात कार्यक्रम होता.

कॉलेजातली मुलं त्यांना बासकाका म्हणत. बास म्हणजे ते उंच, पोट सुटलेलं, कपाटाएवढं वाद्य, जे उभं राहून मिठी मारल्यासारखं धरून वाजवतात. इमारतीचा वॉचमन रोज विचारायचा, "काका, आज कपाट कुठं निघालं?" त्या वाद्यावर बासकाकांचं सगळं आयुष्य गेलं होतं. हॉटेलांच्या जेवणघरांत, नाटकांच्या मंचासमोरच्या, वादकांच्या अंधाऱ्या खड्ड्यांत, रेकॉर्डिंगच्या कापूस लावलेल्या खोल्यांत. कायम मागे, कायम दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्याखाली. आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. जमीन कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण पाय ठेवायला लागते, असं त्यांना मनापासून वाटायचं. कॉलेजात एक सर होते, मुलांचा जॅझचा वाद्यवृंद चालवणारे. त्यांच्याकडे सॅक्सोफोन फुंकायला मुलांची रांग लागायची, पियानोवर भांडणं व्हायची, ड्रमवर तर विचारू नकोस. बास मात्र कुणाला नको होता. तो बसमध्ये मावत नाही आणि फोटोत येत नाही. म्हणून सरांनी बासकाकांना विनंती केली, आणि ट्रॉम्बोन या लांब पितळी नळीच्या वाद्यासाठी त्यांच्या एका जुन्या सोबत्याला. तो मनुष्य स्वतःच आपल्या वाद्याला नळ म्हणायचा, त्यामुळे तो नळकाका झाला. रोज पोटासाठी वाजवणारी ही दोन माणसं आठवड्यातून एकदा विशीच्या आतल्या पोरांमध्ये रिकाम्या खुर्च्या भरायला जाऊन बसत. सरांचा एकच दंडक होता. या दोघांनी सोलो घ्यायचा नाही, शिकवायचं नाही, नुसतं शेजारी बसून वाजवायचं. मुलं आपोआप त्यांच्यासारखा श्वास घ्यायला लागतात, असं सरांचं म्हणणं.

पण शिकवायचं नाही म्हटलं तरी बासकाकांच्या तोंडून एखादी गोष्ट निसटायचीच. एकदा पियानोवरचा मुलगा सारखा हरवत होता, तेव्हा ते म्हणाले, "अरे, गाणं म्हणजे घर असतं. आधी एक खोली. मग पुन्हा तीच खोली. मग गच्ची, तिथे हवा वेगळी, सूर वेगळे. आणि मग खाली उतरून परत खोली. खोली, खोली, गच्ची, खोली. की झालं एक आवर्तन. वर कुणी कितीही नाचो, तू कुठे आहेस ते तुला कळलं पाहिजे." मुलांनी ते उचललं. त्या दिवसापासून तालमीत "काका, गच्चीपासून घेऊ या" अशी भाषा सुरू झाली, आणि सर तर गच्ची आली की नुसतं एक बोट छताकडे करत. टिकटिकही तिथेच शिकली. तिच्या आईची, म्हणजे बासकाकांच्या लेकीची, इस्पितळात दिवसपाळी असली की नात तालमीला सोबत यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि गुडघ्यावर हात ठेवून खोल्या मोजायची. पहिली खोली संपली की करंगळी मिटायची, दुसरी संपली की तिच्या शेजारचं बोट, गच्ची उतरलो की मधलं. चौथं बोट मिटलं की मूठ उघडायची आणि पुन्हा करंगळी. बासकाका मात्र कधी मोजत नसत. त्यांना खोल्या पायाला कळायच्या, जशा अंधारात घरातल्या पायऱ्या कळतात.

दुसरी निसटलेली गोष्ट त्यांची स्वतःची नव्हती. ती त्यांना एका दाढीवाल्या माणसाकडून मिळाली होती. तेव्हा बासकाका स्वतः कॉलेजात होते, गालाची हाडं वर आलेले, आणि त्यांच्या वाद्यवृंदात ड्रमवर असाच एक बाहेरचा, पोटासाठी वाजवणारा माणूस येऊन बसायचा. लांब दाढी, लोंबणारा कोट, डोळ्यांत कायम अपुरी झोप. पहिल्याच कार्यक्रमात दिव्यांचा झोत अंगावर आला आणि तरुण बासकाका भरकटले. त्यांचे हात चालत होते, पण आपण कुठल्या खोलीत आहोत याचा पत्ता नव्हता. आता सगळं उघडं पडणार एवढंच त्यांना कळत होतं. तेवढ्यात दाढीवाल्याने मागून झांजेवर एकच आघात केला, बाकीच्यांकडे बघून हनुवटी बासच्या दिशेने हलवली, आणि सगळा वाद्यवृंद उठून जणू त्यांच्या खोलीत आला. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं असणार. कार्यक्रम संपल्यावर बासकाका काहीतरी बोलायला गेले, तर दाढीवाल्याने त्यांच्या हातात झांजेचा स्टँड दिला. "हा धर. बोलतोस काय. जो चुकला त्याला हाका मारत बसायचं नसतं, तो जिथे असेल तिथे सगळ्यांनी जायचं. मग तो चुकलेला राहत नाही. चल, उद्याचा चहा तुझ्याकडून." एवढंच. नंतर वर्षानुवर्षं, कुठल्याही अनोळखी मंचावर उभं राहताना, मागे कुणीतरी आहे असं बासकाकांना वाटत आलं. माणसाला आयुष्यात एखादा तरी दाढीवाला भेटायला हवा, आणि आपल्याला तो फार लवकर भेटला, याचं त्यांना कायम नवल वाटायचं. मुलांना त्यांनी हे एका कोरड्या वाक्यात सांगितलं होतं: कुणी चुकला तर सगळ्यांनी तिकडे जायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही.

त्या दुपारी चाकाच्या गाडीवर बास ढकलत, शेजारी टिकटिकला घेऊन चालताना हे सगळं त्यांच्या डोक्यात वरखाली होत होतं. फुटपाथच्या फरश्यांवर चाक खडखडत होतं. काचा पुसणारा एक माणूस शिडीवरून त्यांच्याकडे बघून हसला, तेही हसले, आणि हसता हसता मनाशी म्हणाले, हा माणूस ओळखीचा आहे की नाही? गेल्या महिन्यात चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. त्यावर लेकीने विनोद केला होता, "बाबा, डोळे थंड राहावेत म्हणून का?" आणि दोघं खूप हसले होते. ते हसणं आता आठवताना निराळंच वाटत होतं. सरांना सांगावं का? सांगायचं तर काय, की माझं बोट लिफ्टमध्ये थांबलं? आज झिपरीचा पहिला सोलो होता. झिपरी म्हणजे सॅक्सोफोनवरची मुलगी. केस कधी न विंचरल्यासारखे, म्हणून नळकाकांनी ठेवलेलं नाव, आणि तिनेही ते मिरवलेलं. तिने तो सोलो महिनोन्महिने घोटला होता, तिचे आईवडील येणार होते. तिच्या पायाखालची जमीन आपण, आणि आपल्याच पायाखाली खड्डा. रस्ता ओलांडताना टिकटिकने त्यांचं बोट धरलं तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं. आज मंचावर जागा हरवली, तर बास खाली ठेवायचा. कायमचा. कुणाला न सांगता केलेला हा ठराव त्यांना जड वाटला, आणि थोडा सुटल्यासारखाही.

मंचामागच्या खोलीत तेलाचा, बुटांच्या पॉलिशचा आणि घाबरलेल्या मुलांचा वास होता. झिपरी भिंतीकडे तोंड करून बोटांनी हवेत सोलो वाजवत होती.

"काका, मला उलटी होईल असं वाटतंय," ती वळून म्हणाली.

"सॅक्सोफोनमध्ये करू नकोस म्हणजे झालं," नळकाका म्हणाले. "धुवायला मलाच बोलावतील. नळवाला म्हणून."

"तुम्हाला कधी भीती नाही वाटत?"

"मला? मी मागच्या रांगेत बसतो पोरी. पळून जायला दार जवळ असतं."

ती हसली, मग बासकाकांकडे बघत राहिली. "तुम्ही आहात ना खाली?"

"आहे," बासकाका म्हणाले. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्यांना तो फार मोठा वाटला, मापापेक्षा मोठ्या कोटासारखा.

झिपरीचं गाणं आलं. सरांचं आवडतं, मध्यम लयीचं. बासकाकांनी वाद्य खांद्याला टेकवलं. लाकडातून येणारा तो खालचा कंप बरगड्यांत उतरला आणि नेहमीप्रमाणे त्यांना बरं वाटलं. इतकी वर्षं हे लाकूड छातीशी धरायला मिळालं, बोटांच्या टोकांना हे घट्टे पडले, हे नशीबच. पहिलं आवर्तन सगळ्यांनी मिळून वाजवून झालं, सगळं सुरळीत. मग झिपरी पुढे आली. तिचा आवाज आधी पातळ होता, मग भरला. पाठ केलेलं सगळं ती नीट, एकेक वीट ठेवावी तसं ठेवत होती. आणि बासकाका, ज्यांनी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं, ते आज मोजत होते. ही पहिली खोली. आहे ना पहिली? हो, पहिली. आता दुसरी. लिफ्टमधली बटणं डोळ्यांसमोर ओळीने उभी राहिली. दार जवळ असतं, म्हणाला नळ. चष्मा. दाढीवाल्याचा कोट कोणत्या रंगाचा होता? करडा. नाही, तपकिरी. एका आवर्तनाची गच्ची गेली, खोली आली, नवं आवर्तन सुरू झालं, पहिली खोली. मोजलं पाहिजे. खोली झाली, आता गच्ची. बोटं तारेवरून वर सरकली आणि त्यांनी गच्चीचा पहिला सूर पूर्ण खात्रीने, ठासून वाजवला.

वरचं सगळं एकदम खुपलं. एकाच खोलीत दोन रेडिओ लागावेत तसं. सॅक्सोफोन एकीकडे, बास एकीकडे. बासकाकांच्या मनात आलं, हरवली पोर. घाबरली बिचारी. तेवढ्यात सरांचं एक बोट शांतपणे छताकडे गेलं. पियानोवरच्या मुलाने ते पाहिलं आणि त्याचे हात गच्चीवर आले. ड्रमवाल्याने झांज हलकीच वाजवली. झिपरीने मधला एक सूर लांब धरून ठेवला, धरूनच ठेवला, गाल फुगवून, डोळे मोठे करून, आणि मग त्या सुरावरून ती उडी मारून वर आली. आता तिचं पाठ केलेलं संपलं होतं. पुढचं तिने कुठून आणलं कोण जाणे. थोडं वेडंवाकडं, दम लागलेलं, पण जिवंत. शाबास, बासकाकांना वाटलं, मुलांनी बरोब्बर उचललं तिला. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग नजर सहज पहिल्या रांगेत गेली.

टिकटिकचा हात गुडघ्यावर होता. करंगळी मिटलेली होती. शेजारचं बोट अर्धवट वाकून तसंच थांबलं होतं, लिफ्टमध्ये थांबावं तसं. तिने त्या बोटाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग परत बोटाकडे. आणि मग अजिबात घाई न करता तिने ते बोट मिटून टाकलं, आणि गच्ची उतरायची वाट बघत मधलं बोट तयार ठेवलं.

हरवलेले आपण होतो. हे कळलं तेव्हा बासकाकांचे हात थांबले नाहीत, त्यांना थांबायची सवयच नव्हती. पण आत सगळं निवांत झालं. सकाळपासून ज्याला भीत होते ते होऊन गेलं होतं, आणि जमीन फाटली नव्हती. ती नुसती सगळ्यांना घेऊन बाजूला सरकली होती. आज ती जमीन ते नव्हतेच. जमीन म्हणजे ही पोरं होती, विशीच्या आतली, कॅन्टीनची बिलं थकवणारी, तालमीला उशिरा येणारी. कोरड्या एका वाक्यात सांगितलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं आणि त्यांच्यातल्या कुणीही तोंड वाकडं केलं नव्हतं. बासकाकांचे डोळे भरले. त्यांनी मोजणं सोडून दिलं. गच्ची उतरली, खोली आली, आणि ती त्यांना पायाला कळली.

टाळ्या झाल्यावर मंचामागे ते सरळ झिपरीपाशी गेले. "पोरी, मी गेलो चुकीच्या जागी. तुझ्या सोलोची वाट लावली."

ती सॅक्सोफोनच्या तोंडाची रीड पुसत होती. "आधी चिडलेच मी," ती म्हणाली. "मनात म्हटलं, काका, आजच? एवढं पाठ केलेलं सगळं गेलं. मग म्हटलं आता वर आलोच आहोत तर बघू." तिने खांदे उडवले. "आईचा मेसेज आलाय, तोच भाग तिला आवडला. तिला काही कळत नाही म्हणा."

"मला वाटलं मुद्दाम गेलास," नळकाका मध्येच बोलले. "मग म्हटलं, मुद्दाम जायचं असतं तर आठवडाभर आधी सगळ्यांना सांगत सुटला असता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बास मी नेतो गाडीतून. उद्या आणून देतो. आज नुसते हातपाय घेऊन घरी जा."

सर दिव्यांची बटणं बंद करत होते. बासकाकांनी त्यांना सकाळची लिफ्ट सांगितली. सांगायला अगदी थोडेच शब्द लागले. "दुसरा कुणी बघा," शेवटी ते म्हणाले.

सरांनी शेवटचं बटण बंद केलं. "लेकीला सांगितलंत?"

"आज सांगतो."

"आधी तिला सांगा, मग डॉक्टरांना. मला नाही म्हणायचं असेल तर पुढच्या महिन्यात म्हणा. पहिल्या वर्षाची एक मुलगी बास मागतेय. ती तुमच्या शेजारी उभी राहील. शिकवू नका तिला काही. नुसतं वाजवा." आणि मग, "काका, आम्ही आहोत ना खाली."

घरी जाताना उजेड उतरणीला लागला होता. दुकानांच्या पाट्या एकेक करून पेटत होत्या. हात रिकामे होते, चाकाची खडखड नव्हती, आणि बासकाकांना आपण हलके झाल्यासारखं वाटत होतं. खड्डा होता तिथेच होता. पण आता त्याच्या काठावर बरीच माणसं उभी होती. लेकीला कसं सांगायचं ते शब्द ते मनात जुळवत होते. टिकटिक कुंपणाच्या गजांवरून बोटं फिरवत चालली होती.

लिफ्टमध्ये या वेळी बोट अडखळलं नाही. ते सरळ पुढे झालं आणि त्यांनी बटण दाबलं, सगळ्यात वरचं. पूर्ण खात्रीने. टिकटिकने ते पाहिलं. तिचं तोंड उघडलं, आणि मिटलं. चौथा मजला समोरून खाली गेला. वर दार उघडलं तेव्हा तसलाच बोळ होता, तसलीच दारं. बासकाका किल्ली काढत एका दाराशी गेले आणि थबकले, कारण तिथे कुणा दुसऱ्याच्या चपला होत्या.

टिकटिकने त्यांचा किल्लीचा हात धरला.

"आजोबा, आधी गच्ची," ती म्हणाली.

तिने त्यांना जिन्याने वर नेलं, खांद्याने रेटून गच्चीचं दार उघडलं. वर वारा होता, वाळत घातलेली चादर फडफडत होती, टाकीत पाणी पडत होतं. ती कठड्याशी उभी राहिली, हवा तेवढा वेळ. मग तिने कठड्यावर हात ठेवून मधलं बोट मिटलं, "आता खोली," म्हणाली, आणि जिन्याच्या कठड्यावर बासची चाल वाजवत, एकेक पायरी त्यांच्यासाठी थांबत, मजल्यामागून मजला उतरत आपल्या दाराशी आली. तिथे ती बाजूला सरकली आणि कुलपासमोरची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवून उभी राहिली.